शहराची चव आणि ताटाची मात्रा

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की एकोडी आणि आसपासच्या गावांतून मुलामुलींची एक तुकडी पुढील शिक्षणासाठी नागपूरला निघते. साकोलीहून एस.टी. सुटते, कारध्याला वैनगंगेचा पूल ओलांडते, भंडारा मागे पडते आणि शंभरेक किलोमीटरवर नागपूर येते. निघताना आम्ही वडीलधारी मंडळी या मुलांना पुष्कळ सूचना देतो. अभ्यास नीट करा, संगत पाहून धरा, पैसा जपून वापरा, दारूला शिवू नका. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. ती म्हणजे जेवावे कसे. जेवण ही काय शिकवायची गोष्ट आहे, असे आम्हास वाटते. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या गोष्टीविषयी आहे.

अनेक प्रांतांचे एक ताट

नागपूर हे खवय्यांचे शहर आहे आणि ते तसे होण्यामागे इतिहास आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले. पुढे ती भोसल्यांची राजधानी झाली. इंग्रजी अमदानीत ते मध्यप्रांताचे मुख्य ठाणे बनले आणि १९५६ पर्यंत राजधानीचे शहर राहिले. शेजारी कामठीला लष्करी छावणी पडली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वेबरोबर बंगाली बाबू आणि दक्षिणेकडचे कर्मचारी आले, व्यापारासाठी मारवाडी व गुजराती आले, मजुरीसाठी छत्तीसगडी माणसे आली. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव जरीपटक्यात वसले. जो आला त्याने आपली बोली आणली, तशी आपली चूलही आणली.

म्हणून आज नागपुरात सकाळ उजाडते ती चण्याच्या लालभडक तर्रीत बुडालेल्या पोह्यांनी. इतवारीत कचोरी, जरीपटक्यात दाल-पकवान, मोमीनपुऱ्यात बिर्याणी आणि कबाब, कुठे डोसा, कुठे रसगुल्ला, सणासुदीला संत्रा बर्फी, आणि रात्री सावजीचे झणझणीत मटण. त्यात आता मोमो आणि पिझ्झा यांचीही भर पडली आहे. पूर्वी या सर्वांसाठी चालत जावे लागे. आता मोबाईलवर बोट टेकविले की पुडके खोलीच्या दारात येते.

हे सर्व वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट, एका गोष्टीसाठी आम्ही या शहराचे ऋणी आहोत. जेथे एकाच ठेल्यासमोर वेगवेगळ्या जातींची व धर्मांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि बनविणाऱ्याची जात न विचारता खातात, तेथे पिढ्यानपिढ्यांचा विटाळ आपोआप मागे सरतो. गावच्या पंगतीत जे शंभर वर्षांत झाले नाही, ते शहराच्या पोह्यांच्या ठेल्याने काही अंशी करून दाखविले. तेव्हा शहरात जाऊ नका, बाहेरचे खाऊ नका, असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही.

तुपाचा प्रश्न

आपल्या समाजाला तर असा उपदेश करताना दुप्पट विचार करावा लागतो. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथरूप भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या बांधवांना जेवण दिले. जेवण चांगले व्हावे म्हणून त्याने पदार्थांत तूप वापरले. पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. गुन्हा एवढाच की तूप हे वरच्यांच्या मानाचे अन्न समजले जाई आणि ते खालच्यांनी खाल्ले.

ही हकिकत आम्ही मुद्दाम येथे देत आहोत. ज्या समाजाच्या ताटातले तूप लाठीने उडविले गेले, त्या समाजातील मुलाला ‘तूप-तेल कमी खा’ असे सांगणे ऐकायला बरे वाटत नाही. आपल्याकडे लग्नकार्यात तेल-तूप सढळ हाताने वाढले जाते, जयंतीला बुंदीच्या परातीवर परात येते. त्यामागे नुसती जिभेची हाव नसते. आम्हीही चार माणसांसारखे खाऊ शकतो, खाऊ घालू शकतो, हे सांगण्याचा अभिमान त्यात असतो. तो अभिमान रास्त आहे.

पण चकवाऱ्याच्या त्या गृहस्थाचा हक्क नेमका कशाचा होता? आपल्या ताटात काय असावे हे आपण ठरविण्याचा. तो हक्क आज आपल्याजवळ आहे. आता जर आपल्या ताटात काय आणि किती असावे हे ठेल्याचा वास, जाहिरातीचा फलक आणि मोबाईलवरील सवलतीची जाहिरात ठरवू लागली, तर मिळविलेला हक्क आपण दुसऱ्याच्या हाती दिला असे होईल. ‘हवे’ म्हणता येणे हा अर्धा हक्क आहे. ‘पुरे’ म्हणता येणे हा उरलेला अर्धा.

हात का थांबत नाही?

विद्यार्थी मित्रांनो, मोहापुढे हार मानणारा माणूस दुबळ्या मनाचा असतो, असे समजू नका. या गोष्टीमागे शरीराचे काही नियम आहेत.

पहिला नियम चवीचा. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी कमी होत जाते आणि हात आपोआप थांबतो. पण चव बदलली की थांबलेली भूक पुन्हा जागी होते. घरी भात, वरण आणि भाजी एवढेच असते, म्हणून पोट भरले की आपण उठतो. शहरात मात्र तिखटानंतर गोड, गोडानंतर आंबट, आंबटानंतर थंड असे दुकानांमागून दुकान येते. जितक्या प्रांतांच्या चवी, तितक्या वेळा नवी भूक. अनेक पाककृतींनी समृद्ध असलेल्या शहराचा खरा सापळा हा आहे.

दुसरा नियम वेळेचा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. उभ्याने, घाईने, गप्पा मारत किंवा मोबाईल पाहत खाणारा माणूस तो निरोप येण्याआधीच गरजेपेक्षा बरेच जास्त खाऊन बसतो.

तिसरा नियम तेलाचा आणि साखरेचा. पिष्ट किंवा साखर यांच्या १ ग्रॅमपासून शरीराला ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या १ ग्रॅमपासून ९. म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चमचाभर तेलात ४५ कॅलरी झाल्या. तर्रीवर तीन चमचे तवंग असला तर त्या १३५ होतात आणि पोटाला त्याचा भार वाटतही नाही. साखरेचे तसेच. ३०० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण सहा चमचे साखर असते. बाहेरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. एका बाटलीतच २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. शिवाय तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर शासनाने २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण दिवसभर चुलीवर काळी पडत जाणारी कढई आपली आपणच पाहावी लागते.

कष्टाचे अन्न, खुर्चीतला माणूस

सावजीचे जेवण हे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे. दिवसभर मागावर हातपाय चालविणाऱ्या माणसांचे ते अन्न. आपल्या भागातही रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आठ-आठ तास काम करणारी बाई ताटभर भात खाते आणि तो तिच्या अंगी लागतो. त्या भातात काही दोष नाही. तिच्या कष्टाला तो लागतोच.

पण तोच मुलगा, जो सुटीत बांधावर राबतो, नागपुरात सकाळी वर्गात बसतो, दुपारी वाचनालयात बसतो आणि रात्री खोलीवर बसतो. त्याचे काम बदलले, जेवण मात्र नांगरधारी माणसाचे राहिले. वर त्यात शहराची भर पडली. दुपारच्या जड जेवणानंतर पुस्तकावर मान का पडते, याचे एक कारण येथे आहे. मागावरचे जेवण खुर्चीत बसून रोज खाल्ले तर ते अंगावर साठणार, हा सरळ हिशोब आहे.

उपाशी पिढ्यांचा वारसा

यापुढची गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथील बाळांचे जन्मवेळचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो असे आढळले. आपली बाळे लहान व बारीक. त्यांच्या अंगावर मांस कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण आतून मेदाकडे कललेले असे हे शरीर. आईच्या पोटात असताना ज्याला टंचाईची सवय लागली, त्या शरीराला पुढे अचानक सुबत्ता मिळाली की मधुमेहाचा धोका वाढतो, असा त्यांच्या संशोधनाचा रोख आहे.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? ज्यांच्या आजी-आजोबांनी कण्या आणि आंबील पिऊन दिवस काढले, त्यांच्या नातवंडांना भरल्या ताटाचा धोका इतरांहून कमी नसून अधिक असू शकतो. ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला काय होणार?’ हे समाधान खोटे ठरू शकते. बारीक माणसालाही मधुमेह होतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा रोग डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांना हळूहळू पोखरतो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अनेक वर्षे छळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर त्यांनी धम्मदीक्षा दिली आणि दोन महिने पुरे होण्याच्या आतच, ६ डिसेंबरला, ते गेले. मधुमेह कोणाला का होतो याची कारणे अनेक असतात. आजाऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण टाळता येण्याजोगा आजार तरुणपणीच ओढवून घेणे समाजाला परवडणारे नाही. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा चाळिशीत डोळे आणि पाय गमावू लागला, तर त्याच्यासोबत सबंध घर खाली येते.

प्रसेनजित राजाची युक्ती

संयुक्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक गोष्ट आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असेच भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांजवळ येऊन बसला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, कोणता पदार्थ वर्ज्य करावा हेही सांगितले नाही. त्यांनी एका गाथेत एवढेच सांगितले की, जागरूक राहून जो अन्नाची मात्रा जाणतो त्याच्या वेदना कमी होतात, आणि त्याचे आयुष्य जपले जाऊन तो सावकाश वृद्ध होतो.

राजाला ते पटले. पण पटणे वेगळे आणि ताट समोर आल्यावर आठवणे वेगळे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणण्याचे काम दिले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण ठरविले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर तांदळाच्या भातावर आले आणि त्याचे शरीर हलके झाले.

या गोष्टीतून आम्ही तीन बोध घेतो. एक, प्रश्न पदार्थाचा नसून मात्रेचा आहे. कठोर तपश्चर्येने शरीर सुकविल्यावर सिद्धार्थाने सुजातेची खीर स्वीकारली होती, हे विसरू नये. उपासमार हाही मार्ग नव्हे. आपल्या भागातील ज्या मुली आणि माता अशक्त आहेत, ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे, त्यांनी कमी खावे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. दोन, बदल हळूहळू झाला, एका दिवसात नाही. तीन, राजाने केवळ स्वतःच्या निग्रहावर विसंबून न राहता आठवण देणारा माणूस जवळ ठेवला.

आपण काय करावे?

आपल्याजवळ रोज शंभर कार्षापण नाहीत. पण खोलीवर सोबत राहणारे मित्र आहेत. त्यांनी एकमेकांचे सुदर्शन व्हावे. त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवितो.

बाहेर खाण्याचा आठवड्यातून एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी मनापासून, चवीने खावे. उरलेले सहा दिवस मेस किंवा खोलीवरचे जेवण. बाहेर जाताना उपाशी निघू नये. भुकेलेल्या माणसाला प्रत्येक ठेला आपलाच वाटतो. एका वेळी एकच पदार्थ घ्यावा आणि तो दोघांत वाटून खावा. पोह्यांवर तर्री घ्यावी, पण वरचा तवंग बाजूला सारायला सांगावे. तहान लागली तर पाणी प्यावे, बाटलीबंद गोड पेय नव्हे. बसून, सावकाश, मोबाईल दूर ठेवून जेवावे. रोज अर्धा-पाऊण तास चालावे. नागपुरात बसथांब्यापर्यंतची वाटही त्यासाठी पुरते.

घरून आणलेली जवसाची चटणी लपवून खाण्याचे कारण नाही. अंबाडीची भाजी, पोपटाच्या शेंगा, बोडीतले ताजे मासे, मोड आलेली कडधान्ये हे आपले अन्न उत्तम आहे. ते गावंढळ म्हणून टाकायचे आणि पुडक्यातले महाग म्हणून घ्यायचे, यात शहाणपण नाही.

गावातल्यांनीही स्वतःकडे पाहावे. शहराचा मोह शहरातच राहिलेला नाही. पाच रुपयांची वेफरची पाकिटे एकोडीच्या दुकानांच्या दारावर माळेसारखी लटकत असतात आणि लहान मूल रडले की आपणच ते पाकीट त्याच्या हाती देतो. चहात साखर किती पडते हे कोणी मोजत नाही. भाताच्या डोंगरावर वरणाचे चार थेंब, असे आपले ताट असते; तेथे वरण व भाजी वाढवून भात थोडा कमी करता येईल. समाजाच्या कार्यक्रमांत बुंदी जरूर असावी, पण सोबत एक उसळ आणि एक कोशिंबीरही असावी, आणि नको म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहाने वाढू नये. ‘पुरे’ म्हणणाऱ्याचा मान राखणे हेही आदरातिथ्यच आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. शासकीय आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली तर ती पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १०० ते १२५ असेल तर ती वेळीच मिळालेली सूचना समजावी.

शेवटी एक हिशोब मांडतो. एखादा विद्यार्थी रोज ५० रुपये बाहेरच्या खाण्यावर खर्च करतो असे धरू. महिन्याचे १५०० रुपये झाले, शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांचे १५,०००. २०२४-२५ साली साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये होती. म्हणजे सुमारे साडेसहा क्विंटल धान ठेल्यावर गेले. ते धान कोणी रोवले, कोणी निंदले, कोणी कापले आणि कोणाच्या पाठीवरून खळ्यावर आले, हे त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. त्याने ते पाहिले आहे.

त्या पैशातले थोडे अवश्य चवीसाठी खर्च करावे. शहर आपलेही आहे, त्याची चव आपलीही आहे. फक्त ताटातून हात कधी काढायचा, हे आपले आपण ठरवावे. चकवाऱ्याच्या त्या पंगतीला अर्ध्या जेवणावरून लाठ्यांनी उठविले गेले. आपण आपल्या पंगतीतून तृप्त होऊन, आपल्या इच्छेने उठावे.